सुरवार ढगळ का होती? मावळातील एका बेताची बाजू

१/ जुन्या सुरवारीविषयी एक समज सर्रास सांगितला जातो. ती ढगळ होती, कारण जुन्या शिंप्याला अंगाबरोबर बेतता येत नसे. इंग्रज आले, इंची टेप आली आणि मग कुठे पुरुषाला नीट बसणारी विजार मिळाली. हा समज पुराव्यावर टिकत नाही.

२/ प्रथम मावळ. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात शिवकालीन सैन्याच्या पोशाखाचे वर्णन केले आहे. पायदळातील मावळ्यांना मांडीच्या मध्यापर्यंत येणारी आखूड चड्डी, तर घोडेस्वारांना गुडघा झाकणारी विजार. वर्णन दीड शतकानंतरचे आहे, हे खरे. तरी त्यातील भेद बोलका आहे. ज्याला कडा चढायचा, त्याचा गुडघा मोकळा. ज्याला खोगिरावर बसायचे, त्याचा झाकलेला. बेत कामाने ठरवला.

३/ आता सुरवारीची रचना पाहू. हातमागाच्या कापडाचा पन्हा अरुंद. पायांसाठी सरळ पट्टे घ्यायचे, एक आयत तिरका कापून दोन कळ्या काढायच्या, आणि दोन्ही पायांच्या मध्ये, आसनात, वेगळा तुकडा जोडायचा. कंबरेला नेफा आणि नाडी. कापड फारसे वाया जात नाही. पोट सुटले किंवा खपाटीला गेले, तरी नाडी सांभाळून घेते. आसन झिजले, तर तेवढाच तुकडा बदलता येतो.

४/ जुन्या शिंप्याला अंगाबरोबर शिवता येत नव्हते म्हणावे, तर चुडीदार कोणी शिवला? कापड उरेब कापले की ते ताणते आणि पोटरीला चिकटून बसते. म्हणजे घट्ट बसवण्याची विद्या शिंप्याच्या हातात होतीच. वर सैल ठेवायचे आणि खाली घट्ट, हा त्याने समजून केलेला निर्णय होता.

५/ आसनातील तो तुकडा फार जुना आहे. चीनमधील तुर्फान खोऱ्यात सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या लोकरी विजारी सापडल्या. दोन पाय आणि मध्ये रुंद आसन, असे भाग मागावरच आकारात विणलेले. कातर लावलेलीच नाही. घोड्यावर मांड टाकणाऱ्या माणसाची गरज तिथेही तीच होती.

६/ आधुनिक पद्धतीचे श्रेयही मान्य केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शिंप्यांत मोजपट्टी रुळली. १८५१ मध्ये सिंगरने शिलाई यंत्राचे पेटंट घेतले. पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, आसनाला गोलाई, बाजूला खिसे, पायाला इस्त्रीची धार. ताठ उभ्या माणसाला ही पँट शोभते.

७/ आणि ताठ उभे राहणे हेच नव्या काळाचे काम होते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली. लोणावळा रेल्वेचे गाव बनले. १९४५ मध्ये तिथेच नौदलाची प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आजच्या आयएनएस शिवाजीला महाराजांचे नाव आहे. कवायतीचा पोशाख मात्र पाश्चात्त्य बेताचा. गणवेश, कचेरी आणि नोकरी यांनी पँट रुजवली. सुरवार गुडघ्याच्या परीक्षेत नापास झाली म्हणून मागे पडली, असे नव्हे.

८/ ती परीक्षा आजही पावसाळ्यात लोहगडाच्या पायऱ्यांवर होते. भिजलेली घट्ट जीन्स मांडीला चिकटते, पाय उचलताना आसनात ओढ बसते. आणि डोंगरात चालण्यासाठी विकल्या जाणाऱ्या महाग पँटींत काय असते? आसनात जोडलेला वेगळा तुकडा. दुकानात तो नवे तंत्रज्ञान म्हणून मिरवतो.

९/ ‘ढगळ’ हा शब्द म्हणूनच निरुपद्रवी नाही. ज्या कारागिराने लेखी काही ठेवले नाही, त्याचे शास्त्र त्याच्या शिवणीतच वाचावे लागते. त्याला अडाणी ठरवले की ती शिवण कोणी उलगडून पाहत नाही, आणि बेत जाणणारा शेवटचा हात थांबला की पाहण्यासारखे काही उरतही नाही.

१०/ घरातील ट्रंकेत जुनी सुरवार असेल, तर फेकण्यापूर्वी ती उलटी करून पाहावी. कळ्या मोजाव्यात, आसनाचा तुकडा शोधावा. मराठीत नेटक्या, प्रमाणबद्ध गोष्टीला ‘बेतशुद्ध’ म्हणतात. हा शब्द इंची टेपने दिलेला नाही.