शेवटची फेरी किती वाजता?

हॅम्बर्गहून मोटरसायकलवर नॉर्वेला जायचं तर मध्ये समुद्र येतो. त्याला चुकवून जाता येत नाही. पुलावरून ओलांडायचा की बोटीतून, एवढंच आपल्या हातात असतं.

माझी पुतणी गेली चार वर्षं हॅम्बर्गला नोकरी करते. निपाणीत असताना ती माझ्या जुन्या स्प्लेंडरवर गाडी शिकली. तिकडे गेल्यावर पुन्हा परीक्षा देऊन तिने जर्मन लायसन्स काढलं, आणि आता येत्या जूनमध्ये ती एकटी बोडोपर्यंत, म्हणजे आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडे निघाली आहे. "काका, कुठला रस्ता घेऊ?" म्हणून दर रविवारी फोन. इकडे मी नकाशा उघडून बसायचो, तिकडे ती. युरोपचा इतका बारीक अभ्यास मी दहावीलाही केला नव्हता.

पहिला रस्ता पुलांचा. फ्लेन्सबुर्गवरून डेन्मार्क, १९९८ साली वाहनांना खुला झालेला ग्रेट बेल्टचा पूल, कोपनहेगन, मग २००० साली झालेला ओरेसुंडचा पूल आणि स्वीडन. एकही बोट नाही, पण दोन्हीकडे टोल, आणि समुद्रावरचा आडवा वारा दुचाकीवाल्याला चारचाकीवाल्यापेक्षा फार वेगळा कळतो. दुसरा रस्ता पुटगार्डनहून रोडबीला जाणाऱ्या बोटीचा. ४५ मिनिटांचं काम. तिथे आता समुद्रतळात १८ किलोमीटरचा बोगदा होतो आहे. तिसरा रस्ता सरळ उत्तरेला, डेन्मार्कच्या टोकाला हिर्त्सहाल्सपर्यंत, साधारण ५०० किलोमीटर. तिथून सव्वातीन तासांची बोट थेट नॉर्वेच्या दक्षिणेला क्रिस्तियानसानला सोडते.

आम्ही दोघांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. स्वीडनच्या रुंद हमरस्त्यावर दिवस घालवायला मोटरसायकल कशाला हवी? क्रिस्तियानसानला उतरलं की ई-३९ हा पश्चिम किनाऱ्याचा रस्ता लागतो, ट्रॉन्डहाइमपर्यंत ११०० किलोमीटर आणि वाटेत सात फेरीबोटी. त्याच्या पुढे स्टाइनशेरपासून बोडोपर्यंत १७ क्रमांकाचा किनारी रस्ता, ६५० किलोमीटर आणि सहा बोटी. हिर्त्सहाल्सची धरून चौदा.

हा चौदाचा आकडा माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, फोनच्या शेजारी बसून ऐकला आणि तिथेच बेत अडला.

"गाडी घालून जाणाऱ्या चौदा बोटी? आणि एकटी? काय नको."

आईची भीती उगाच नाही. तिचं माहेर मालवणाकडचं. तिच्या लहानपणी त्या घरातली माणसं मुंबईला बोटीनेच जायची, आणि 'रामदास' हे नाव त्या घरात हलक्या आवाजात घेतलं जायचं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तरुण वाचकांपैकी अनेकांनी हे नाव ऐकलंही नसेल. घरच्या म्हाताऱ्यांना एकदा विचारून बघा.

पुतणीने "काही होत नाही गं आजी" असं म्हटलं नाही, हे मला आवडलं. उलट तिने आजीला 'एस्टोनिया'ची गोष्ट सांगितली. २८ सप्टेंबर १९९४ च्या पहाटे टॅलिनहून स्टॉकहोमला जाणारी ही मोठी बोट वादळात बुडाली, ८५२ माणसं गेली. बोटीच्या नाकाशी गाड्या आत घ्यायचं जे दार असतं, त्याची पुढची झडप लाटांनी तुटली आणि गाड्यांच्या मजल्यावर पाणी शिरलं. त्यानंतर युरोपात अशा बोटींचे नियम कडक झाले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता ते दार कसं आहे?" मला तर वाटतं, नॉर्वेला जाणाऱ्या प्रत्येकाने आधी हाच प्रश्न विचारावा.

शेवटी तोडगा निघाला तो असा. जानेवारीत सुट्टीवर आल्यावर पुतणीने आधी आपल्या कोकणातल्या तरी ओलांडून दाखवायच्या (आई अजून फेरीबोटीला 'तर' म्हणते), मग नॉर्वेचं बोलायचं.

बेळगाव-निपाणीच्या माणसाला समुद्र लांब वाटतो, पण तसा तो नाही. बेळगावकर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याने गोव्यात उतरतात किंवा शिनोळीवरून आंबोलीने सावंतवाडीत. १८८० च्या दशकात रेल्वे येण्याआधी बेळगावचा बराच माल वेंगुर्ल्याच्या बंदरावर उतरून घाट चढून यायचा. निपाणीला तर स्वतःचा रस्ता आहे. देवगड-निपाणी मार्ग : मुदाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूरचं जंगल, फोंडा घाट, नांदगाव, की देवगड. दीडशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी चहा घेऊन निघालं तर दुपारचं जेवण माशांचं.

देवगडहून किनाऱ्याने वर जाताना पूर्वीच्या बऱ्याच खाड्यांवर आता पूल आहेत. विजयदुर्ग, जैतापूर, पूर्णगड, रत्नागिरी असं बसल्या बैठकीला जाता येतं. खरी गंमत जयगडपासून. जयगड ते तवसाळ, धोपावे ते दाभोळ, वेसवी ते बागमांडला, दिघी ते आगरदांडा, या चार फेऱ्या. वाशिष्ठीवरची दाभोळ-धोपावे गाड्यांची फेरी सुवर्णदुर्ग शिपिंगने २००३ साली सुरू केली. त्याआधी दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला गाडी न्यायची तर चिपळूणचा वळसा, शंभरावर किलोमीटर.

आखणी करताना पुतणीने एक गोष्ट पक्की धरली. दिवस सकाळपासून मोजायचाच नाही. त्या दिवसाची शेवटची फेरी किती वाजता सुटते ते आधी लिहायचं आणि तिथून मागे येत जेवण, पेट्रोल, चहा बसवायचा. तोही शेवटच्या फेरीच्या आधीची एक फेरी धरून. बोट बंद असली तर वळसा कुठून, हे त्याच कागदावर खाली. अंतर कमी आहे म्हणून वेळ कमी लागेल हा हिशोब किनाऱ्यावर चालत नाही. तिने हाच तक्ता पुढे नॉर्वेसाठीही वापरला, फक्त गावांची नावं बदलली.

गाडी चढवण्याचं तंत्रही इथेच पक्कं झालं. ओहोटीला जेटीचा उतार उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. तिथे पुढचा ब्रेक विसरायचा, पहिल्या गिअरमध्ये हळू, दोन्ही पाय खाली सोडून उतरायचं. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून साइड स्टँडवर लावायची आणि शेजारी उभं राहायचं. आपल्या खाडीत ते चालतं. हिर्त्सहाल्सच्या बोटीवर मात्र प्रवासात गाड्यांच्या मजल्यावर थांबता येत नाही. वर जाण्याआधी सीटवरून पट्टा टाकून गाडी आपल्या हाताने आवळायची, आणि ती खरंच हलत नाही ना हे एकदा ढकलून बघायचं.

जयगडला माझा भाऊ आईला कारने घेऊन आला होता. आई बोटीवर चढली ती थेट खलाशाकडे. "जाकिटं किती आहेत, आणि कुठं ठेवलीत?" त्याने न हसता दाखवली. पलीकडे तवसाळला उतरेपर्यंत ती नातीच्या गाडीचा आरसा धरून उभी होती. गाडी पडू नये म्हणून की स्वतः पडू नये म्हणून, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

या खाड्यांवर आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे पूल व्हायचे आहेत. नॉर्वेतही ई-३९ वर हेच चाललं आहे. स्टाव्हांगेरच्या उत्तरेला समुद्राखालून सुमारे २७ किलोमीटरचा बोगदा खोदला जातोय, त्याने एक फेरी कायमची थांबेल. "पूल झाले तर मजा गेली," असं आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने लिहिलं. मला ते पटत नाही. आपण वर्षातून एकदा जाणार. रात्री दहा वाजता कळा सुरू झालेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं असेल आणि शेवटची फेरी सुटून गेली असेल, तर मजा कुणाची? पूल व्हावेत. ज्यांना बोटीतून जायचंय त्यांनी तोवर जाऊन यावं.

काही जणांनी विचारलं म्हणून सांगतो : आपली इथली, केए-२२ किंवा केए-२३ नंबरची गाडी घेऊन तिकडे जाता येतं. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना, मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून गाडीचं 'कार्नेट', तिकडचा विमा, आणि भरपूर सुट्टी. योगेश आळेकरी हा मराठी तरुण मे २०२५ मध्ये मुंबईहून मोटरसायकलवर निघून इंग्लंडला पोचला. ऑगस्टअखेर नॉटिंगहॅमला त्याची गाडी चोरीला गेली. हजारो किलोमीटर डोंगर-वाळवंटांतून सुखरूप गेलेली गाडी शहरातल्या बागेपाशी गेली. पुतणीच्या सामानात म्हणून एक जाडजूड साखळीही वाढली आहे.

पावसाची तिला काळजी नाही. बर्गेनचा पाऊस युरोपात गाजलेला, वर्षाला सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर. आंबोलीत तो सात हजारांच्या पुढे जातो. आंबोलीतून भिजत बेळगावला परतलेल्या मुलीला बर्गेनने काय घाबरवायचं!

हिर्त्सहाल्सचं तिकीट काढून झालंय. छोट्या फ्योर्डांवरच्या बोटींना बहुतेक ठिकाणी आगाऊ तिकीट लागत नाही, रांगेत उभं राहायचं. आईने एकच अट घातली आहे. किल्बोगहाम्न ते येक्टविक या तासाभराच्या फेरीत आर्क्टिक वर्तुळ पाण्यावरच ओलांडलं जातं, तिथून फोन यायला हवा. दुपारी बाराच्या सुमाराची बोट मिळाली तर निपाणीत साडेतीन वाजलेले असतील. तेव्हा आई झोपून उठलेली असते, आणि चहा अजून व्हायचा असतो.