काट्यावरचा आकडा, कमरेचे माप आणि लोंढ्याची वाट

लोंढ्याला रेल्वेमार्ग तीन दिशांना फुटतो. एक फाटा कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्यात येतो, दुसरा बेळगावकडे वळतो आणि तिसरा अळणावरमार्गे हुबळी गाठतो. खानापूर तालुक्यातील या गावाची भाषा आणि सोयरीक गोव्याला जवळची असली, तरी त्याच्या आरोग्याची मोजदाद होते ती कर्नाटकाच्या खात्यात. वजनाच्या बाबतीत ही मोजदाद पुरेशी आहे का, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यातील १५ ते ४९ वयोगटातील ३६.१ टक्के स्त्रिया अतिवजन वा लठ्ठ गटात मोडतात. कर्नाटकात हे प्रमाण ३०.१ टक्के आहे. कमी वजनाच्या स्त्रिया गोव्यात १३.८ टक्के, तर कर्नाटकात १७.२ टक्के. यावरून घाटाखाली लठ्ठपणाचा आणि घाटावर कृशतेचा प्रश्न, अशी सोपी विभागणी कोणीही करील. परंतु राज्याच्या सरासरीत बेंगळूरुचा संगणक अभियंता आणि लोंढ्याच्या रानालगतची शेतमजूर स्त्री एकाच रांगेत उभी असते. शिवाय या पाहणीने अतिवजनाची रेषा २५ वर आखली आहे, आणि खरी मेख तिथेच आहे.

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की देहवस्तुमान निर्देशांक, म्हणजेच बीएमआय मिळतो. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी हे सूत्र मांडले. ते वैद्य नव्हते, संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना शोध होता 'सरासरी माणसा'चा, रोगाचा नव्हे. सूत्राला आजचे नाव १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी दिले. जागतिक वर्गवारीत १८.५ खाली कमी वजन, २५ पर्यंत सामान्य, २५ पासून अतिवजन आणि ३० पासून लठ्ठपणा. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये या रेषा खाली ओढल्या: २३ पासून अतिवजन, २५ पासून लठ्ठपणा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ६५ किलो वजनाच्या माणसाचा निर्देशांक २३.९ येतो. जागतिक तक्त्यात तो निर्धास्त, भारतीय तक्त्यात सावध राहावा असा. सरकारी पाहणीच्या अतिवजनाच्या आकड्यात मात्र तो कोठेच दिसत नाही.

रेषा खाली का ओढावी लागली, याचे उत्तर पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासाने तर त्याही मागचा धागा दाखवला. तिथल्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलोच्या आसपास. तरीही त्वचेखालची चरबी या लहानग्यांनी राखून ठेवलेली. स्नायू कमी, चरबी तुलनेने अधिक. अशा मुलाला पुढे भरपेट अन्न आणि बैठे काम मिळाले, की मधुमेहाला वाट मोकळी होते.

म्हणूनच खानापूर पट्ट्यातील कृश मुलगी आणि गोव्यातील मधुमेही गृहस्थ ही दोन वेगळी प्रकरणे मानता येत नाहीत. कमी वजन म्हणजे रक्तक्षय, क्षयरोगाचा वाढीव धोका आणि पुढे कमी वजनाचे बाळ. त्या बाळाच्या चाळिशीचा हिशेब मधुमेहाच्या रकान्यात मांडला जाण्याची शक्यता मोठी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. रोजगारासाठी घाट उतरणारा तरुण हीच सगळी वाट एका आयुष्यात चालतो. (त्याच्या घरी मात्र त्याचे सुटलेले पोट 'अंगावर मांस धरले' म्हणून कौतुकाने पाहिले जाते.)

निर्देशांक निरुपयोगी ठरतो असे नाही. मोठ्या लोकसंख्येसाठी तो स्वस्त आणि सोपा आहे. पण चरबी कोठे साठली, हे तो सांगत नाही. पोटाभोवतीची चरबी यकृत, रक्तदाब आणि साखर या तिन्हींना अधिक जाचते. गंमत अशी की शासनाला हे ठाऊक आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील प्रत्येकासाठी आशा कार्यकर्ती जो तक्ता भरते, त्यात वजन विचारलेलेच नाही. कंबर मोजली जाते. स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या पुढे धोक्याचे गुण वाढतात. तंबाखू, मद्य, व्यायाम आणि कुटुंबातील आजार यांचे गुण मिळवून बेरीज चारच्या वर गेली, की त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्याने पाठवायचे असते.

जानेवारी २०२५ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी सुधारित व्याख्या मांडली, तीही याच दिशेची. निर्देशांक २३ च्या पुढे गेला, पण अवयवांवर परिणाम नाही, तो पहिला टप्पा. कंबर वाढून सोबत आजार किंवा हालचालीतील अडचण दिसू लागली, तो दुसरा. पाहणीतील रेषाही २३ वर आणली, तर दोन्ही राज्यांचे आकडे फुगतील आणि कोणत्याही सरकारला ते सुखावणार नाहीत. आज मात्र २३ ते २५ मधला माणूस अतिवजनाच्या हिशेबात येतच नाही, आणि लोंढ्याच्या वाटेवर घाट चढणारे-उतरणारे कितीजण त्यात आहेत, हे दोन्ही राज्यांच्या आकड्यांतून कळण्याची सोय नाही. आशाताईंच्या टेपने घेतलेली मापे गावपातळीवर एकत्र करून जाहीर केली, तर नव्या पाहणीसाठी थांबण्याची गरज उरणार नाही.