जुन्या गाडीची हमी घ्यावी का?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या काकाजींनी आंबिया बहाराची संत्री विकली आणि आलेल्या पैशातून आठ वर्षे वापरलेली एक मोटार घेतली. हौसेसाठी नव्हे. काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अमरावतीला न्यावे लागते. परतवाड्याहून एका बाजूने पन्नासेक किलोमीटर. एस.टी.ने जाणे झेपते, पण परतताना त्यांना उभे राहवत नाही.

सौदा झाला आणि दुकानदाराने आणखी एक कागद पुढे केला. म्हणाला, “एक वर्षाची वाढीव वॉरंटी घेऊन ठेवा, जुन्या गाडीचा भरवसा नसतो.” किंमत १४,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २,५२०. एकूण १६,५२०. बागेचा ताण तोडताना खतासाठी म्हणून काकाजींनी बाजूला ठेवलेली रक्कम जवळपास तेवढीच होती. संध्याकाळी बापलेक दोघेही कागद घेऊन माझ्या ओट्यावर आले.

“गुरुजी, तुमी वाचून सांगा बरं. पोरगा म्हन्ते घ्या, मी म्हन्तो कायले?”

तेवढ्यात काकू दारातून म्हणाल्या, “हा कागद घेतला त गाडी रस्त्यात बंद नाई पडत काय?”

वाचकहो, प्रश्न साधा होता, पण सगळ्या गोष्टीचे मर्म त्यातच होते. वॉरंटीचा कागद गाडी बंद पडू देत नाही असे नाही. बंद पडल्यावर दुरुस्तीचा काही खर्च देतो, एवढेच. गाडी बंद पडू नये यासाठी लागते ती देखभाल, आणि तिचा खर्च आपलाच.

दुसरा घोटाळा विम्याचा. अपघात, चोरी, दुसऱ्याचे नुकसान हे विम्याचे काम. त्यातला थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. वाढीव वॉरंटी सक्तीची नाही. “घ्यावीच लागते” असे कोणी म्हणाले तर “तसे लिहून द्या” म्हणावे.

मग आम्ही कंदिलाखाली पोथी वाचावी तसा तो कागद ओळ न ओळ वाचला. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात काय काय मिळेल ते होते. बारीक अक्षरात मागच्या पानावर काय मिळणार नाही ते. क्लच प्लेट, ब्रेकचे पॅड, टायर, बॅटरी, रबरी नळ्या, पट्टे, म्हणजे वापराने झिजणारे सगळे वगळलेले. गाडी घेण्याआधीपासून असलेला दोष वगळलेला. सर्व्हिसिंग ठरल्या वेळी, ठरलेल्या अमरावतीच्या केंद्रातच करायचे; एक चुकले तर हमी रद्द. दर वेळी पहिले २,००० रुपये आपले. आणि वर्षभरात कंपनी देणार जास्तीत जास्त ४०,०००.

म्हणजे १६,५२० रुपये देऊन ४०,००० पर्यंतचा भरवसा, तोही अटींसह. पोरगा जरा गप्प झाला.

असे कागद विकणारा काही धर्मादाय करीत नाही. शंभर जणांकडून पैसे गोळा होतात. त्यातून विकणाऱ्याचे कमिशन, कचेरीचा खर्च आणि नफा निघतो. उरलेल्यातून दुरुस्त्या होतात. म्हणून सरासरीने पाहिले तर घेणाऱ्याला दिल्यापेक्षा कमीच परत मिळते. तरीही माणूस विमा काढतो आणि काढावाच, पण कशाचा? ज्या खर्चाने घर बुडेल त्याचा. जो खर्च नुसता टोचेल, त्यासाठी घरातच वेगळी पेटी ठेवावी.

बैलबाजारात आपण काय करतो? बैल दोनदाती की जुळलेला ते पाहतो, जुवाला लावून चालवतो, खूर पाहतो, मगच हातात पैसे ठेवतो. गाडीचेही तेच. दुसऱ्या दिवशी परतवाड्यातल्या ओळखीच्या मिस्त्रीला गाडी दाखवली. त्याने इंजिनचे कॉम्प्रेशन मोजले, ऑइल पाहिले, गिअर तपासले, गाडी घटांगच्या घाटात चढवून आणली. म्हणाला, “इंजन चांगलं हाये, काकाजी. पन बॅटरी मेली, पान्याच्या नळ्या तडकल्या, ब्रेक घासले.” म्हणजे जे कागदाने वगळले, नेमके तेच रस्त्यात दगा देणार होते!

काकाजींनी ठरवले. कागद घेतला नाही. बॅटरी, नळ्या, कूलंट, ब्रेक यावर ९,००० खर्च केले. उरलेले ७,५२० पोस्टाच्या बचत खात्यात गाडीच्या नावाने ठेवले. खताला दुसरीकडून उसनवारी केली, ती मार्चमध्ये फेडली.

आता पुढचे सांगतो, कारण ते लपवणे बरे नाही. मे महिन्यात डायलिसिसच्या दिवशी आसेगावच्या अलीकडे गाडी थांबली. अल्टरनेटर गेला. पोराने कपाळावर हात मारला, “कागद घेतला असता त!” काकाजींनी गावच्या एका जीपवाल्याला फोन केला, तो अर्ध्या तासात आला. काकू दवाखान्यात पोचल्या, उशिराने का होईना. गाडी मिस्त्रीने संध्याकाळपर्यंत ओढून आणली. खर्च ६,८०० रुपये. अल्टरनेटर हमीच्या यादीत होता. कागद असता तर २,००० वजा जाऊन ४,८०० मिळाले असते, पण त्यासाठी १६,५२० आधीच गेले असते. आणि गाडी थांबायची ती थांबलीच असती. काकूंना वेळेवर पोचवणारी गोष्ट कागद नव्हती, जीपवाल्याचा नंबर होता.

इंजिनच बसले असते तर? तर काकाजींचा हिशेब चुकला असता, हे कबूल. ती जोखीम त्यांनी गाडी तपासून, डोळे उघडे ठेवून घेतली होती.

म्हणून सगळ्यांनीच नाही म्हणावे असे माझे म्हणणे नाही. गाडीची मूळ वॉरंटी अजून चालू आहे आणि खुद्द बनवणारी कंपनीच ती वाढवून देते आहे, सर्व्हिस सेंटर जवळ आहे, गाडी ऑटोमॅटिक गिअरची किंवा टर्बो डिझेल आहे, म्हणजे एकेक भाग महागडा, अशा घराने जरूर विचार करावा. कंपनीची वाढीव वॉरंटी बहुधा मूळ मुदत संपण्याआधीच घ्यावी लागते, हे लक्षात असू द्या. ती घेतली तर सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती जपा, आणि गाडी विकल्यास हमी नव्या मालकाकडे जाते का तेही विचारा.

सही करण्याआधी पाच प्रश्न विचारा. पैसे कोण देणार, दुकानदार, बनवणारी कंपनी की तिसरेच कोणी? काय वगळले आहे? वर्षाची कमाल रक्कम किती? दुरुस्ती कुठे, आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च कोणाचा? कागद मधेच रद्द केला तर पैसे परत मिळतात का? उत्तरे तोंडी घेऊ नका.

कबूल केलेले कोणी नाकारले तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. पण तिथे बोलतो तो कागद, म्हणून पावती जपून ठेवा.

काकाजींच्या खात्यात तेव्हा ७२० रुपये उरले होते. आता दर महिन्याला पोरगा त्यात हजार रुपये टाकतो. जीपवाल्याचा नंबर काकूंनी स्वतःच्या हाताने भिंतीवर लिहून ठेवला आहे.