नृत्यातील अभिनय आणि आपली मुले

शाळेच्या स्नेहसंमेलनात भरतनाट्यमचा एखादा कार्यक्रम हल्ली बहुधा असतोच. रंगभूषा, घुंगरांचा नाद आणि मुलींचे शिस्तबद्ध पदन्यास पाहून पालकांस धन्यता वाटते, व ती वाटणे योग्यही आहे. तथापि केवळ तालाचा भाग संपून गीताचा भाग सुरू झाला, की एक गोष्ट आमच्या नजरेस वारंवार येते. हात ठरल्याप्रमाणे उठतात, बोटे शास्त्राप्रमाणे वळतात, ओठांवर एक कायमचे हास्य असते. परंतु गोष्ट काही पुढे सरकत नाही. यशोदा रागावली आहे की मनातून कौतुक करीत आहे, हे प्रेक्षकांस उमगत नाही. आणि आम्हांस भीती वाटते ती ही की, नाचणाऱ्या मुलीसही ते पुष्कळदा ठाऊक नसते. ज्या गीतावर ती अभिनय करते ते तेलुगू अथवा तमिळ भाषेतले असते, आणि त्याचा अर्थ तिला कोणी नीट सांगितलेला नसतो.

हस्तमुद्रा पाठ झाल्या म्हणजे अभिनय आला, असा एक समज रूढ आहे. नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पण' ग्रंथात एका हाताने करावयाच्या 28 मुद्रा सांगितल्या आहेत. दृष्टीचे 8, मस्तकाचे 9 व मानेचे 4 प्रकार निराळेच. ही यादी दोन-तीन महिन्यांत पाठ होण्यासारखी आहे. परंतु मुद्रा म्हणजे अक्षर होय, वाक्य नव्हे. चार बोटे सरळ जुळवून अंगठा किंचित दुमडला की पताकहस्त झाला. पण त्याच एका हाताने मेघ दाखवितात, अरण्य दाखवितात, नदी दाखवितात, रात्र दाखवितात आणि 'नको' असेही सांगतात. आता मेघ कोणता व नकार कोणता, हे बोटांवरून कळावे कसे? ते कळते डोळ्यांवरून, भुवयांवरून, मानेच्या लहानशा वळणावरून. म्हणूनच हात जेथे जाईल तेथे दृष्टी जावी आणि दृष्टीच्या मागे मन जावे, असा या शास्त्राचा दंडक आहे. (याच ग्रंथात नातेवाइकांसाठीही स्वतंत्र हस्त सांगितले आहेत, सासू, सून आणि नणंद या तिघींनाही आपापली मुद्रा आहे. आमच्या विद्यार्थिनींनी त्या जरूर शोधून पाहाव्यात.)

घरी आजी सुईत दोरा ओवीत असेल तेव्हा तिच्याकडे लक्ष देऊन पाहावे. ती दोऱ्याचे टोक ओठांनी ओले करते, एक डोळा बारीक करते, श्वास धरते. दोरा चुकला म्हणजे कपाळावर आठी येते, आणि तो शिरताच सारा चेहरा सैल होतो. नर्तकीच्या हाती सुईही नसते आणि दोराही नसतो. तरी दोरा एकदा चुकला व दुसऱ्यांदा शिरला, हे शेवटच्या रांगेतील माणसास दिसले पाहिजे. हे आरशासमोर तोंडे करून साधत नाही. दोरा मनाला दिसला, तरच तो डोळ्यांत दिसतो.

केरळातील कथकळीचे शिक्षण या बाबतीत विचार करण्यासारखे आहे. कवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन यांनी मुकुंद राजा यांच्या साह्याने 1930 साली केरळ कलामंडलम ही संस्था स्थापन केली, आणि मावळू लागलेल्या त्या विद्येस आधार दिला. तेथील परंपरेत विद्यार्थी पहाटेच उठून, डोळ्यांत तूप घालून, बुबुळे वर-खाली, आडवी व वर्तुळाकार फिरविण्याचा व्यायाम करतात. मूळ मुद्रा 24 च. पण त्यांच्या संयोगाने नट सबंध संवाद बोलतो, कारण रंगभूमीवर तो मुका असतो व शब्द मागील गायक गातात. आणि ही सारी परंपरा शतकानुशतके पुरुषांनीच चालविली. 'मुलग्याने डोळे-भुवया काय नाचवावयाच्या' असे म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. आमच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट मात्र अशी की, तो विद्यार्थी ज्या पदांवर अभिनय करतो ती संस्कृतमिश्रित असली तरी त्याच्याच मल्याळी भाषेतील असतात. गोष्ट त्याच्या कानात आधीच असते.

यावर कोणी म्हणेल, थोर नर्तकी बालसरस्वती (1918–1984) यांनी तेलुगू पदांवर अजोड अभिनय केलाच ना? केला, यात शंका नाही. परंतु त्यांच्या आजी वीणा धनम्माळ होत्या आणि ती पदे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाइली जात होती. आपल्या मुलीस आठवड्यातून दोन तासांत ती पुण्याई कोठून मिळणार?

आमचे म्हणणे इतकेच की, मराठी मुलाने अभिनयाचा श्रीगणेशा मराठी पदांवर करावा. अशी पदे आता रचावयास हवीत असेही नाही. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी हे नृत्य वाढले. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल 1798–1832) यांच्या काळात नृत्यासाठी मराठी 'निरूपणे' रचली गेली, ज्यांत एकच कथा आरंभापासून मंगलापर्यंत निरनिराळ्या नृत्यप्रकारांतून सांगितली जाते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हे साहित्य जपलेले आहे, आणि मुंबईत गुरू पार्वतीकुमार यांनी विसाव्या शतकात त्यावर कष्ट घेऊन ते पुन्हा रंगमंचावर आणले. असे असता आपल्या वर्गांत ते क्वचितच शिकविले जावे, ही खेदाची गोष्ट होय. तेलुगू पदे टाकून द्यावीत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती पुढे, अर्थासह व रागासह, शिकावीत. शिवाय त्यांपैकी कित्येक विरहिणीची आहेत, आणि दहा वर्षांच्या मुलीने विरहाचे उसासे टाकणे हे आम्हांस तरी पाहवत नाही. तिला लोणी चोरू द्यावे, जटायूचे पंख पसरू द्यावेत.

पालकांस आमची विनंती आहे. मूल नवे पद शिकून घरी आले की त्यास नाचावयास सांगण्यापूर्वी, ती गोष्ट मराठीत सांगावयास सांगा. सांगता आली नाही तर गुरूंकडे जाऊन अर्थ विचारा. चांगल्या गुरूस त्याचा राग येणार नाही. अरंगेत्रमची घाई करू नका. त्या समारंभासाठी साडी, दागिने, वाद्यवृंद व सभागृह यांवर होणारा खर्च वर्षभर लांबणीवर टाकता आला, तर त्या वर्षात एखादे निरूपण पूर्ण शिकून होईल.