अळंबीच्या रोगाचे आधी नाव, मग औषध

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या ज्या पट्ट्यात यंत्राचा क्षुल्लक सुटा भागही मापाच्या कसोटीस उतरल्यावाचून कारखान्याबाहेर पडत नाही, त्याच पट्ट्यात मावळ-खेडच्या भातपेंढ्यावर धिंगरी अळंबी पिकविणाऱ्याने पिशवीवर डाग दिसताच, रोगाचे नावही न जाणता, दुकानदार देईल ते बुरशीनाशक फवारावे, ही विसंगती मला फार खेदजनक वाटते. अळंबी ही स्वतःच बुरशी आहे. तिच्या शत्रूवर टाकलेले विष तिलाही बाधू शकते, आणि म्हणून या पिकात निदानास इलाजाहून अग्रस्थान आहे.

बटन अळंबीचा आकार मोडून पांढरा, मऊ गोळा झाला व त्यावर पिंगट द्रवाचे थेंब दिसून दुर्गंधी सुटली, तर तो ‘वेट बबल’. देठ फुगून अळंबी चाकणच्या बाजारातील लहान कांद्यासारखी दिसू लागली, परंतु थेंबही नाहीत आणि सडही नाही, तर तो ‘ड्राय बबल’. आणि केसिंगच्या, म्हणजे वरून पसरलेल्या थराच्या, मातीवरून कोळ्याच्या जाळ्यासारखा कापूस पसरत अळंबीला वेढू लागला, तर तो ‘कॉबवेब’. हा भेद केवळ पुस्तकी नाही. ड्राय बबलचे चिकट बीजाणू माशा, हात आणि पाण्याचे शिंतोडे यांतून पसरतात, तर कॉबवेबचे कोरडे बीजाणू पाणी मारताच हवेत उधळतात. म्हणून तेथे ओल्या कागदाने डाग झाकल्याखेरीज झारीस हात लावणे म्हणजे रोगास खोलीभर संचाराची मुभा देणे होय.

धिंगरीचा मुख्य वैरी ट्रायकोडर्मा. तो प्रथम पांढराच असतो, त्यामुळे स्पॉनची, म्हणजे अळंबीच्या बियाण्याची, वाढ समजून उत्पादक निश्चिंत राहतो, आणि हिरवा रंग येईपर्यंत बीजाणू तयार झालेले असतात. हरभऱ्याच्या मर रोगावर बियाण्यास आपण चोळतो तीही याच कुळातील बुरशी. शेतात ते काम करून त्याच कपड्यांनी अळंबीगृहात शिरणे सर्वथा टाळावे. पेंढ्याचे निर्जंतुकीकरण अपुरे राहिले असेल, तर चूक फवारणीने सुधारत नाही. बाधित पिशवी न उघडता दूर नेऊन नष्ट करणे हाच बंदोबस्त.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी संशोधनाचे केंद्र आहे. मावळ व खेडच्या तालुका कृषी कचेऱ्यांनी बाधित नमुने स्वीकारून तेथे पाठविण्याची आणि लेखी निदान उत्पादकाच्या हाती देण्याची जबाबदारी पत्करावी, अशी माझी कृषी खात्यास आग्रहाची विनंती आहे.