घमेलं आईबापांच्याही हाती हवं

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी मिळून एखाद्या गावात चार दिवस जलसंधारणासाठी श्रमदान करावं, असं सुचवलं की तीन आक्षेप येतात. मुलं वर्षभर शाळा-क्लासने दमलेली, त्यांना मे महिन्याच्या उन्हात कशाला राबवायचं? शहरातल्या चार माणसांच्या खोदण्याने होणार काय? तेवढं काम जेसीबी काही मिनिटांत करतो, त्यापेक्षा डिझेलचे पैसे द्या. तिसरा आक्षेप सगळ्यांत बोचरा : पोटासाठी रोजगार हमीवर माती उपसणाऱ्याची कोणी दखल घेत नाही आणि तुम्ही हौसेने टिकाव मारून फोटो काढता.

आधी उन्हाचं पाहू. २०१६ ते २०१९ या वर्षांत पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने ऐन एप्रिल-मे महिन्यांत गावंच्या गावं श्रमदानाला उतरली. बरंचसं काम सकाळी ऊन तापायच्या आत उरकलं जाई, कुठे रात्री दिवे लावून चाले. विश्रांतीचं म्हणाल, तर सुट्टीतही पोहणं, चित्रकला, अबॅकस असे वर्ग लावून मुलांचा दिवस भरून टाकणाऱ्यांना ही सबब शोभत नाही. सकाळी दोन तास माती उचलून उरलेला दिवस गावातल्या पोरांबरोबर खेळणारं मूल त्याहून निवांत असतं.

जेसीबीचा मुद्दा अर्धा खरा आहे. नाला खोलीकरण हे यंत्राचंच काम. पण पाणलोटाची कामं माथ्याकडून पायथ्याकडे करत यायची असतात आणि डोंगराच्या अवघड उतारावर यंत्र चढत नाही. तिथे समपातळी रेषा आखून चर हातानेच खणावे लागतात. एका कुटुंबाने चार दिवसांत एकच घनमीटर माती काढली, तरी तो चर भरेल तेव्हा हजार लिटर पाणी अडेल, आणि एका पावसाळ्यात तो अनेकदा भरेल. डिझेलचे पैसे जरूर द्यावेत, पण ते देऊन हात झटकू नयेत.

तिसऱ्या आक्षेपामागची चीड रास्त आहे. १९७२ च्या दुष्काळात या राज्यात लाखो माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले. त्या अनुभवानंतर १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. आज शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कितीतरी घरांतले आजी-आजोबा त्या दुष्काळी कामांवर राबले, तिथली सुकडी खाऊन जगले. त्यांच्या नातवंडांना टिकावाचं वजनही ठाऊक नाही. कष्टकऱ्याचा मान वाढवायचा, तर त्याच्या कामापासून दूर राहून तो वाढणार नाही. फोटोची हौस मात्र निंद्यच आहे. ती सोडूनच गावात पाऊल टाकावं.

मग मुलांना नुसतं शिबिराला का धाडू नये? बाबा आमट्यांनी १९६७ साली सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीने तरुणांच्या पिढ्या घडवल्या, तिचं मोल मोठंच आहे. पण शाळकरी पोराला एकट्याला धाडून आईबाप घरी बसले, तर कष्ट लहानांनी शिकायचे आणि मोठ्यांना ते माफ असतात, एवढंच त्याच्या मनावर ठसतं. सगळे एकत्र गेले की चित्र पालटतं. कचेरीत हुकूम सोडणाऱ्या बाबांना गावातली एखादी मावशी सांगते, ‘भाऊ, टिकाव असा धरा.’ बाबा ऐकतात, चुकतात, पुन्हा शिकतात. आईच्या तळव्याला फोड येतो, तरी ती घमेलं पुढच्याच्या हाती देत राहते. आणि पाणी वाढणार असतं दुसऱ्याच कुणाच्या विहिरीचं. आपल्या घराच्या उंबऱ्यापलीकडेही आपण काही देणं लागतो, हे मुलाला व्याख्यानाने कळत नाही. आईबापांना ते देणं फेडताना पाहिलं की कळतं.

त्यासाठी काही पथ्यं पाळावीत. गावाने हाक दिली असेल तिथेच जावं. काय करायचं ते गावाने ठरवावं, आपण ऐकावं. आपल्या जेवणाखाण्याचा भार कुणावर टाकू नये. आणि एकच गाव धरून दरवर्षी तिथे जावं, म्हणजे पावसाळ्यानंतर आपला चर टिकला की बुजला, हेही पाहावं लागेल आणि बुजला असेल तर पुन्हा खणावा लागेल. या सुट्टीचा बेत ठरवताना ‘कुठे फिरायला जायचं?’ या प्रश्नाबरोबर ‘कुणाच्या कामाला जायचं?’ हाही प्रश्न घरात विचारला जावा, आणि तो आधी मोठ्यांनी विचारावा.