लकव्याच्या रुग्णाला चालविणार कोण?

घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन दफनांत अनेक प्रौढांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळली. मृताने घर सोडून जाऊ नये अशी त्यामागची समजूत असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे. आजचा कष्टकरी मात्र जिवंतपणीच पाय गमावतो. 'अंगावरून वारं गेलं' एवढेच घरचे सांगतात आणि कमावता गडी खाटेला खिळतो.

रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, तेही सी.टी. स्कॅननंतरच देता येते. ही वेळ टळलेल्यांना मग गोळीची आशा वाटते. ती आशा निराधार नव्हती. २०११ साली फ्रान्समध्ये ११८ रुग्णांवर झालेल्या 'फ्लेम' चाचणीत नैराश्यावरील फ्लुओक्सेटीन हे औषध व्यायामाच्या जोडीला दिले, तेव्हा हातापायांची हालचाल अधिक सुधारली. परंतु २०१८ साली ब्रिटनमधील ३,१२७ रुग्णांच्या 'फोकस' चाचणीत स्वावलंबन वाढले नाही. हाडे मोडण्याचे प्रमाण तेवढे वाढले. लेव्होडोपाच्या गोळीनेही २०१९ साली ब्रिटनमध्येच ५९३ रुग्णांची निराशा केली.

मग घरच्यांनीच व्यायाम करून घ्यावा काय? भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' चाचणीने २०१७ साली याचेही उत्तर दिले. घरच्यांना शिकवून व्यायाम त्यांच्यावर सोपविल्याने मृत्यू वा परावलंबन घटले नाही. याउलट डॉक्टर, परिचारिका आणि भौतिकोपचारतज्ज्ञ जेथे एका कक्षात मिळून काम करतात, तेथे दोन्ही घटतात, हे अनेक चाचण्यांनी दाखविले आहे.

म्हणजे उणीव आहे ती व्यवस्थेची. ती गोळीने झाकता येणार नाही, आणि मजुरी बुडवून शुश्रूषा करणाऱ्या बायका-सुनांच्या माथीही मारता येणार नाही. गडचिरोलीच्या खेड्यांत 'सर्च' संस्थेने केलेल्या पाहणीत सुमारे सातांपैकी एक मृत्यू पक्षाघाताने झालेला आढळला, आणि त्यांतील बहुतेकांनी घरीच प्राण सोडले. खेड्यातला पक्षाघात उपचाराविना कसा संपतो, ते यावरून दिसते.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत : रक्तदाबाच्या गोळ्या उपकेंद्रात खंड न पडता मिळाव्यात, तालुक्याच्या ठिकाणी रात्रंदिवस सी.टी. स्कॅन चालावे; आणि सरकारी वेतनावरचा भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाच्या उंबऱ्यापर्यंत यावा. श्रमिकाचे हातपाय हेच त्याचे भांडवल. ते परत मिळविण्याचा प्रयत्न हा त्याचा हक्क आहे. शासनाने त्याकडे कृपा म्हणून पाहू नये.